नंबरप्लेट झालेल्या स्क्वाड्रन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाई दलाची अमुक स्क्वाड्रन (म्हणजे विमानांची तुकडी) ‘इतिहासजमा’ झाली अशी बातमी आली की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात. ‘इतिहासजमा’ हा शब्दच मुळात घोटाळ्याचा आहे, कारण यातल्या बऱ्याच जणी काही वर्षांनी पुन्हा उडताना दिसतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत खाली दिले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. ज्यांना फक्त आजोबांचा जुना फोटो ओळखायचा आहे त्यांनी थेट प्रश्न १२ वर जावं.

१. स्क्वाड्रन ‘नंबरप्लेट’ झाली म्हणजे नेमकं काय झालं?

विमानं सेवेतून गेली, वैमानिक आणि तंत्रज्ञ बदली होऊन दुसरीकडे गेले, आणि स्क्वाड्रनचा क्रमांक, नाव, बोधचिन्ह व ब्रीदवाक्य तेवढं राखून ठेवलं. गाडी मोडीत गेली, पण नंबराची पाटी काढून कपाटात ठेवली, असं समजा. तो क्रमांक दुसऱ्या कुणाला सहज देत नाहीत. पुढे कधी नवी विमानं आली की त्याच क्रमांकावर, त्याच नावाने स्क्वाड्रन पुन्हा उभी करता येते. हवाई दलातली माणसं बोलताना सरळ ‘नंबरप्लेट झाली’ असंच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

२. मग वर्तमानपत्रात ‘बरखास्त’ लिहितात ते चूक का?

बहुतेक वेळा चूकच. बरखास्त म्हणजे कायमची मोडली. नंबरप्लेट झालेली स्क्वाड्रन मोडलेली नसते, झोपलेली असते. शिवाय ‘बरखास्त’ म्हटलं की काहीतरी गुन्हा घडला असावा असा वास येतो. मंत्रिमंडळ बरखास्त होतं, समिती बरखास्त होते. इथे तसं काही नसतं.

३. अभिनंदन यांची स्क्वाड्रन बंद का केली? एवढा पराक्रम गाजवूनही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्यात राग असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती ५१ क्रमांकाची स्क्वाड्रन, ‘सोर्ड आर्म्स’. १९८५ साली चंदीगडला उभी राहिली. शेवटची वर्षं ती श्रीनगरहून मिग-२१ बायसन उडवत होती. २२ मार्च २०१८ रोजी हलवाऱ्याला तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिला प्रेसिडेंट्स स्टँडर्ड, म्हणजे राष्ट्रपतींचं निशाण मिळालं. एखाद्या लढाऊ स्क्वाड्रनच्या वाट्याला येणारा हा मोठा मान. त्यानंतर वर्षभराच्या आतच, २७ फेब्रुवारी २०१९ ला, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या हवाई चकमकीत विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचं विमान पडलं. ते पाकिस्तानच्या हाती लागले आणि १ मार्चला वाघा सीमेवरून परत आले. त्यांनी पाकिस्तानचं एफ-१६ पाडलं असं भारताचं म्हणणं आहे. पाकिस्तान ते नाकारतं. अभिनंदन यांना वीरचक्र मिळालं, स्क्वाड्रनलाही त्याच वर्षी युनिट सायटेशन, म्हणजे अख्ख्या तुकडीसाठीचं गौरवपत्र, मिळालं.

आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी स्क्वाड्रन नंबरप्लेट झाली. कारण एकच: मिग-२१ बायसनचं वय झालं होतं आणि त्याच्या जागी द्यायला नवं विमान तयार नव्हतं. पराक्रमाचा किंवा शिक्षेचा इथे काडीचाही संबंध नाही. विमानाच्या सांगाड्याचे तास भरले की भरले. त्या सांगाड्याला निशाण माहीत नसतं.

४. विमान निवृत्त होणं आणि स्क्वाड्रन बंद होणं, एकच ना?

नाही. २८ क्रमांकाची ‘फर्स्ट सुपरसॉनिक्स’ घ्या. १९६३ साली मिग-२१ भारतात आलं ते याच स्क्वाड्रनकडे, चंदीगडला. पुढे १९८७ च्या सुमारास तिने मिग-२१ सोडलं आणि मिग-२९ घेतलं. विमान बदललं, स्क्वाड्रन चालू राहिली. मिग-२१ मात्र इतर स्क्वाड्रनमध्ये २०२५ पर्यंत उडत होतं.

याच्या अगदी उलट गोष्ट १०२ क्रमांकाच्या ‘ट्रायसॉनिक्स’ची. ही माझी लाडकी स्क्वाड्रन. १९८१ मध्ये बरेलीला मिग-२५ आलं ते फक्त हिच्यासाठी. हे विमान बॉम्ब टाकायला नव्हे, फोटो काढायला होतं: वीस किलोमीटरच्या आसपास उंची, ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेग. इतक्या वेगात हवेच्या घर्षणाने पृष्ठभाग एवढा तापतो की साधं ॲल्युमिनियम टिकत नाही, म्हणून या विमानाचा सांगाडा मुख्यतः पोलादाचा. देशात ते दुसऱ्या कुठल्याच स्क्वाड्रनकडे नव्हतं. त्यामुळे १ मे २००६ रोजी मिग-२५ निवृत्त झालं तेव्हा विमान आणि स्क्वाड्रन दोघं एकाच दिवशी गेले.

गंमत पुढेच आहे. २०११ मध्ये आसामातल्या छबुआला सुखोई-३० घेऊन १०२ पुन्हा उभी राहिली. सुखोई काही ध्वनीच्या तिप्पट वेगाने जात नाही. पण नाव तेच, ‘ट्रायसॉनिक्स’. नाव विमानाचं नसतं, क्रमांकाचं असतं, हे याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

५. झोपलेली स्क्वाड्रन पुन्हा उठते म्हणजे काय होतं? जुनी माणसं परत येतात का?

जुनी माणसं परत येत नाहीत, येऊ शकतही नाहीत. नवे वैमानिक, नवे तंत्रज्ञ, बहुधा नवा तळ. परत येतात ते क्रमांक, नाव, चिन्ह आणि जुन्या नोंदी.

अपवाद म्हणावा असा एक प्रसंग १७ क्रमांकाच्या ‘गोल्डन ॲरोज’चा. १ ऑक्टोबर १९५१ ला अंबाल्यात हार्वर्ड विमानांवर उभी राहिलेली ही स्क्वाड्रन पुढे हंटर आणि मग मिग-२१ उडवत राहिली. कारगिलच्या वेळी तिचे कमांडिंग ऑफिसर होते विंग कमांडर बिरेंदर सिंग धनोआ. २७ मे १९९९ ला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांचं मिग-२७ पडलं. त्यांचा ठावठिकाणा शोधायला मागे राहिलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा याच १७ चे. त्यांचं मिग-२१ क्षेपणास्त्राने पडलं आणि ते परत आले नाहीत. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

२०१६ मध्ये भटिंड्याला १७ नंबरप्लेट झाली. १० सप्टेंबर २०१९ ला ती राफेलसाठी अंबाल्यात पुन्हा उभी केली ती हवाई दलप्रमुख धनोआ यांनी. कारगिलमध्ये जिचं नेतृत्व केलं तिलाच वीस वर्षांनी, निवृत्तीला काही दिवस उरले असताना, त्यांनी उठवलं. त्या दिवशी स्क्वाड्रनकडे अंबाल्यात एकही राफेल नव्हतं. पहिली पाच विमानं उतरली ती २९ जुलै २०२० ला. स्क्वाड्रन आधी, विमानं नंतर, असंही होतं. राफेलची दुसरी स्क्वाड्रन, १०१ ‘फाल्कन्स ऑफ छंब अँड अखनूर’, हीसुद्धा अशीच झोपेतून उठलेली. तिचा तळ हासिमारा आणि साल २०२१.

६. परमवीर चक्र मिळालेली स्क्वाड्रनही बंद होती म्हणे. खरं का?

खरं आहे. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर पाकिस्तानी सेबर विमानं चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना सेखों आपलं नॅट घेऊन उडाले आणि एकट्याने झुंजले. ते १८ क्रमांकाच्या ‘फ्लाइंग बुलेट्स’चे.

ही स्क्वाड्रन १५ एप्रिल १९६५ ला उभी राहिली आणि १५ एप्रिल २०१६ ला नंबरप्लेट झाली. बरोबर एक्कावन्न वर्षं, त्याच तारखेला. तेव्हा तिच्याकडे मिग-२७ होती. चार वर्षं ती कागदावरच होती. १ एप्रिल २०२० ला तमिळनाडूतल्या सुलूरला तेजससाठी पुन्हा उभी राहिली. ब्रीदवाक्य तेच, ‘तीव्र और निर्भय’.

७. हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन, १ नंबरची, तीसुद्धा कधीतरी बंद होती का?

होती, आणि तीही साडेपाच वर्षांच्या आसपास. हे ऐकून निवृत्त मंडळीसुद्धा चमकतात.

१ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिघ रोड तळावर चार वापिती विमानांनिशी ती सुरू झाली. दोन पंखांची, उघड्या कॉकपिटची विमानं. त्यातलं एक आज दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे, जवळ उभं राहिलं की कापड आणि तारा यांच्या भरवशावर माणसं वायव्य सरहद्दीवर कशी उडाली असतील असं वाटतं. कमांडर इंग्रज होता, फ्लाइट लेफ्टनंट सेसिल बाउचियर. पहिल्या मूठभर भारतीय वैमानिकांत सुब्रतो मुखर्जी होते; ते पुढे याच स्क्वाड्रनचे कमांडर आणि नंतर हवाई दलप्रमुख झाले. १९४४ ला इंफाळच्या लढाईत हरिकेन घेऊन ही स्क्वाड्रन लढली ती अर्जन सिंग यांच्या हाताखाली.

मग फाळणी. त्या वेळी १ नंबर पेशावरला होती आणि तिचा तळ व सामान पाकिस्तानच्या वाट्याला गेलं. क्रमांक मात्र भारताने सोडला नाही. तो बाजूला ठेवला. म्हणजे १९४७-४८ ला काश्मीरमध्ये हवाई दल लढत होतं तेव्हा त्याच्याकडे १ क्रमांकाची स्क्वाड्रनच नव्हती. २६ जानेवारी १९५३ ला ती पुन्हा आली. कशी आली ते प्रश्न ९ मध्ये.

८. फाळणीत काही क्रमांक पाकिस्तानला गेले. मग भारतात ५, ६ आणि ९ नंबरच्या स्क्वाड्रन कुठून आल्या?

५, ६ आणि ९ क्रमांक पाकिस्तानच्या नव्या हवाई दलाने ठेवले आणि तिथे ते आजही आहेत. भारताने नंतर हेच क्रमांक नव्याने उभे केले. त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाच्या स्क्वाड्रन आहेत आणि ६ व ९ यांचा स्वातंत्र्यापूर्वीचा भूतकाळ दोन्हीकडे सामायिक आहे. जुन्या बर्मा मोहिमेच्या नोंदीत ‘९ स्क्वाड्रन’ दिसली की ती कुणाची असा वाद घालू नये. तेव्हा हवाई दल एकच होतं.

भारताची ५ नंबर कशी उभी राहिली ते मात्र सांगण्यासारखं आहे. महायुद्ध संपल्यावर लिबरेटर बॉम्बर विमानं कानपूरला मोडीत टाकून दिलेली होती, पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम नासवून. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ती जोडली, आणि २ नोव्हेंबर १९४८ ला त्या भंगारातून उठलेल्या बॉम्बरवर ५ स्क्वाड्रन उभी राहिली.

९. १५ नंबरची स्क्वाड्रन रातोरात १ नंबर झाली, असं वाचलं. मग इतिहास कुणाचा धरायचा?

हा खरा अवघड प्रश्न. १९५३ मध्ये हलवाऱ्याला असलेल्या १५ स्क्वाड्रनचा क्रमांक बदलून १ केला. म्हणजे माणसं आणि विमानं १५ ची. इतिहास, नाव, ‘एकता में शक्ति’ हे ब्रीद १ चं. आदल्या दिवशी १५ मध्ये झोपलेला हवालदिल मेकॅनिक सकाळी १९३३ पासूनच्या परंपरेचा वारस होऊन उठला.

हवाई दलाच्या हिशेबात इतिहास क्रमांकाबरोबर जातो, म्हणून आजची ‘टायगर्स’ स्वतःला १९३३ ची मानते आणि ते मान्यही आहे. पण तुम्ही एखाद्या माणसाचा माग काढत असाल तर उलटं करा: माणसाचा माग काढा, क्रमांकाचा नव्हे. १९५२ मध्ये १५ मध्ये असलेला आणि १९५४ मध्ये १ मध्ये असलेला माणूस बहुधा जागचा हललेलाच नसतो. १५ हा क्रमांकही वाया गेला नाही. पुढे तो ‘फ्लाइंग लान्सेस’ला मिळाला. आता बोला.

१०. तेजस पहिल्यांदा मिळाली ती स्क्वाड्रन नवी की जुनी? वाढदिवस कोणता धरायचा?

जुनी. ४५ क्रमांक, ‘फ्लाइंग डॅगर्स’, १९५९ ची. या स्क्वाड्रनच्या नशिबी तीन टोकाचे दिवस आले. १ सप्टेंबर १९६५ ला छंबमध्ये पाकिस्तानी रणगाडे रोखायला तिची व्हॅम्पायर विमानं पाठवली. ती विमानं तेव्हाच जुनाट होती. संध्याकाळपर्यंत चार पडली. दुसरा दिवस १० ऑगस्ट १९९९ चा. कच्छमधल्या नलियाहून उडालेल्या तिच्या मिग-२१ ने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं, त्यात सोळा माणसं गेली. पाकिस्तानने हे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं; आपल्याला अधिकारक्षेत्र नाही असं न्यायालयाने २००० मध्ये सांगितलं. २००२ मध्ये स्क्वाड्रन नंबरप्लेट झाली. आणि तिसरा दिवस १ जुलै २०१६, बेंगळुरू: अवघ्या दोन तेजस विमानांवर ती पुन्हा उभी राहिली.

वाढदिवस मूळ स्थापनेचाच धरतात. मला स्वतःला मधली चौदा वर्षं गिळून ‘सलग सेवा’ लिहिणं पटत नाही. लेख लिहीत असाल तर दोन्ही तारखा द्या.

११. हवाई दलाच्या ४२ स्क्वाड्रन म्हणतात, त्यात या झोपलेल्या धरतात का?

नाही. ४२ हा लढाऊ स्क्वाड्रनचा मंजूर आकडा आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला आणि त्याची शेवटची स्क्वाड्रन, २३ ‘पँथर्स’, विमानाविना राहिली. तेव्हा प्रत्यक्ष आकडा २९ वर आला. झोपलेल्यांना मोजणं म्हणजे बंद घरातली माणसं शिरगणतीत धरणं.

१२. आजोबांचा विमानाजवळचा जुना फोटो आहे. त्यावरून स्क्वाड्रन कळेल?

विमान नक्की कळेल. स्क्वाड्रन कळेलच असं नाही. शेपटीजवळचा अनुक्रमांक भिंगाखाली पाहा. सुरुवातीला ‘आयएफ’ असेल तर कॅनबेरा, ‘बीए’ म्हणजे हंटर, ‘आयई’ म्हणजे नॅट, ‘केपी’ म्हणजे मिग-२५. ही अक्षरं विमानाच्या प्रकाराची, स्क्वाड्रनची नव्हेत, आणि एकच विमान आयुष्यात दोन-तीन स्क्वाड्रनमध्ये फिरतं. (राफेलच्या एका आसनाच्या विमानांवरची ‘बीएस’ अक्षरं धनोआ यांच्या नावाची, दोन आसनांच्या विमानांवरची ‘आरबी’ त्यांच्यानंतरचे हवाई दलप्रमुख राकेश भदौरिया यांच्या. ही अगदी अलीकडची तऱ्हा.)

एका वाचकाने पाठवलेल्या फोटोत आजोबा शिडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे होते, शेपूट चौकटीबाहेर गेलेली. अनुक्रमांक नाही, चिन्ह नाही. मी हात टेकले. मग त्यांच्या आजींनी ट्रंकेतून निळ्या धाग्याने भरलेलं एक कापडी बिल्ल्याचं तुकडं काढलं, आणि काम दोन मिनिटांत झालं. तेव्हा फोटोआधी ट्रंक उघडा: बिल्ले, नाताळची शुभेच्छापत्रं, मेसच्या जेवणाची छापील पत्रकं. स्क्वाड्रनचं चिन्ह बहुधा तिथे सापडतं.

१३. बंद स्क्वाड्रनची कागदपत्रं सामान्य माणसाला मिळतात का?

काही मिळतात, धीर हवा. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धइतिहासाच्या नोंदींबद्दल धोरण मंजूर केलं. त्यानुसार नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांत खुल्या व्हायला हव्यात आणि जुन्या नोंदी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला हव्यात. ‘साधारणपणे’ या शब्दावर बरंच काही अवलंबून आहे. एअरमन पदावरच्या नातेवाइकाची सेवानोंद हवी असेल तर दिल्लीत सुब्रतो पार्कला हवाई दलाचं रेकॉर्ड ऑफिस आहे. अर्जात सेवाक्रमांक असेल तर निम्मं काम झालं. तो बहुधा पेन्शनच्या कागदावर असतो.

१४. नौदलातही असंच असतं का?

जवळपास तसंच. ३०० क्रमांकाची ‘व्हाइट टायगर्स’ १९६० मध्ये सी हॉकवर सुरू झाली, मग सी हॅरियर, आणि ११ मे २०१६ ला गोव्यात सी हॅरियरला निरोप देऊन मिग-२९के.

१५. ‘स्क्वाड्रन’ ती की तो? आणि अनेकवचन?

मी ‘ती’ लिहितो, कारण मराठीत तुकडी ‘ती’ आहे, फौज ‘ती’ आहे आणि पलटणही ‘ती’ आहे. ‘तो स्क्वाड्रन’ छापलेलं वाचलं आहे, कानाला टोचतं. अनेकवचनात काही बदल करत नाही. एकाने ‘स्क्वाड्रनी’ सुचवलं होतं. शब्द वाईट नाही, पण वापरायची हिंमत अजून झालेली नाही.